इथेनॉल इंधनासाठी परफॉर्मन्स मोटारीची सिद्धता : पर्याय, आकडेमोड आणि निवडीचे निकष

बीजसंज्ञा : इथेनॉल, ई८५, फ्लेक्स-फ्युएल, टर्बोचार्जर, इंधनपुरवठा, नॉकिंग

प्रस्तावना :

भारतात इथेनॉलची चर्चा प्रामुख्याने उसाचा दर, साखर कारखान्यांचे अर्थकारण आणि खनिज तेलाच्या आयातीवर होणारा खर्च या अनुषंगाने होते. हे इंधन टाकीतून इंजिनात गेल्यानंतर तेथे नेमके काय घडते, या तांत्रिक बाजूकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, स्वीडन व ऑस्ट्रेलिया या देशांत मात्र इथेनॉलकडे आणखी एका दृष्टीने पाहिले गेले. इंजिनाची शक्ती वाढविण्याचे साधन म्हणून शर्यतींच्या संयोजकांनी, मोटार उत्पादकांनी आणि हौशी मोटारमालकांनी त्याचा स्वीकार केला.

अमेरिकेतील इंडीकार शर्यतींत दीर्घकाळ मिथेनॉल वापरले जात होते. २००६ साली त्यात दहा टक्के इथेनॉल मिसळण्यात आले, २००७ साली जवळजवळ शुद्ध इथेनॉल आले आणि २०१२ साली ई८५ हे मिश्रण स्वीकारण्यात आले. ऑस्ट्रेलियातील व्ही८ सुपरकार्स स्पर्धेने २००९ साली ई८५ चा अंगीकार केला. स्वीडनच्या साब कंपनीने २००५ साली बाजारात आणलेल्या ९-५ बायोपॉवर या मोटारीचे दोन लिटरचे टर्बो इंजिन पेट्रोलवर १५० अश्वशक्ती देत असे, तर ई८५ वर १८०. त्याच देशातील कोनिगसेग कंपनीची सीसीएक्स ही मोटार पेट्रोलवर ८०६ अश्वशक्तीची होती. इथेनॉलसाठी सिद्ध केलेली तिची सीसीएक्सआर ही आवृत्ती २००७ साली १,०१८ अश्वशक्तीसह पुढे आली. अमेरिकेत २०२३ साली सादर झालेल्या डॉज चॅलेंजर डेमन १७० या मोटारीची जाहीर शक्ती ई१० वर ९०० आणि ई८५ वर १,०२५ अश्वशक्ती अशी आहे.

हे आकडे पाहून टाकीत इथेनॉल भरताच शक्ती वाढते, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. वरील प्रत्येक मोटारीत इंधनपुरवठा, टर्बो अथवा सुपरचार्जरचा दाब, ठिणगीची वेळ आणि नियंत्रक संगणकातील कोष्टके यांचा इथेनॉलसाठी स्वतंत्र विचार केलेला होता. तो विचार न करता पेट्रोलच्या मोटारीत ई८५ भरल्यास शक्ती वाढणे दूरच, पिस्टन जळण्याची वेळ येऊ शकते. म्हणून आपली मोटार इथेनॉलसाठी कोणत्या पद्धतीने सिद्ध करावी, ही निवड महत्त्वाची ठरते.

लेखाची उद्दिष्टे :

१. शक्तिवर्धनाच्या दृष्टीने इथेनॉलचे पेट्रोलहून भिन्न असलेले गुणधर्म स्पष्ट करणे.
२. मोटार सिद्ध करण्याच्या तीन प्रमुख पद्धतींचे तुलनात्मक विवेचन करणे.
३. इंधनपुरवठ्याची आकडेमोड उदाहरणासह मांडणे.
४. निवडीचे निकष निश्चित करणे व महाराष्ट्राच्या संदर्भात त्यांचा विचार करणे.

इथेनॉल आणि पेट्रोल : गुणधर्मांची तुलना

पुढील पाच गुणधर्म प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहेत.

अ) हवेचे प्रमाण : एक किलोग्रॅम पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. एक किलोग्रॅम इथेनॉलला केवळ ९ किलोग्रॅम पुरते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन अंगभूत असल्याने हा फरक पडतो. ८५ टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणासाठी हे प्रमाण ९.८ च्या आसपास येते.

आ) ऊर्जा : एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे तेवढ्याच आकारमानात इथेनॉल सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी देते.

इ) ऑक्टेन : इथेनॉलचा संशोधन-पद्धतीने मोजलेला ऑक्टेन अंक सुमारे १०८ आहे. पंपावरील पेट्रोलचा अंक साधारणतः ९१ ते ९८ या दरम्यान असतो.

ई) बाष्पनाचा अप्रकट उष्मा : एक किलोग्रॅम पेट्रोलची वाफ होताना सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. इथेनॉलच्या बाबतीत हा आकडा ९०० च्या जवळपास जातो.

उ) उत्कलन : पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यातील हलके घटक अगदी कमी तापमानालाही बाष्परूप होतात. इथेनॉल मात्र ७८ अंश सेल्सिअस या एकाच तापमानाला उकळते.

या आकड्यांतून एक लक्षणीय बाब पुढे येते. इंजिनाची शक्ती ते किती हवा ओढून घेते यावर अवलंबून असते. एक किलोग्रॅम हवेबरोबर पेट्रोल जाळल्यास सुमारे २.९ मेगाज्यूल आणि इथेनॉल जाळल्यास सुमारे ३ मेगाज्यूल ऊर्जा मुक्त होते. हा फरक नगण्य आहे. याचाच अर्थ इथेनॉलमध्ये पेट्रोलहून अधिक 'जोर' दडलेला नाही. शक्तिवाढीची कारणे अन्यत्र आहेत.

पहिले कारण थंडाव्याचे. तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल अधिक लागते आणि त्याचा अप्रकट उष्माही अधिक असतो. या दोहोंचा एकत्रित परिणाम म्हणून इंधनाच्या बाष्पनाने हवेतून शोषली जाणारी उष्णता पेट्रोलच्या तुलनेत सुमारे चौपट होते. थंड हवा दाट असते व सिलिंडरमध्ये अधिक मावते. दुसरे कारण नॉकिंगच्या प्रतिकाराचे. पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो इंजिनात दाब वाढविला की सिलिंडरमधील न जळलेले मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच पेट घेते व धातूवर हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. ते टाळण्यासाठी ठिणगी उशिरा पाडावी लागते, म्हणजे शक्तीचा काही भाग सोडून द्यावा लागतो. इथेनॉलवर ही मर्यादा बरीच पुढे सरकते. ठिणगी योग्य क्षणी पाडता येते, टर्बोचा दाब वाढविता येतो अथवा संपीडन गुणोत्तर उंचावता येते.

यावरून निवडीचा पहिला निकष मिळतो. ज्या इंजिनाला नॉकिंगची मर्यादा जाणवते त्यालाच इथेनॉलचा खरा लाभ होतो. टर्बोचार्जर नसलेल्या व मध्यम संपीडन गुणोत्तराच्या इंजिनात ठिणगीची वेळ पेट्रोलवरही बहुधा इष्टतम असते. अशा इंजिनासाठी ई८५ चा खटाटोप केल्यास हाती लागणारी वाढ अल्प आणि इंधनाचा खर्च मात्र अधिक, असा व्यवहार होतो.

ई८५ या नावामागील वास्तव

ई८५ म्हणजे ८५ टक्के इथेनॉल असा सरळ अर्थ घेतला जातो. अमेरिकेत या इंधनाला लागू असलेल्या एएसटीएम डी५७९८ या मानकानुसार त्यातील इथेनॉलचे प्रमाण आकारमानाने ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत असू शकते. हिवाळ्यात थंड इंजिन सुरू व्हावे म्हणून पेट्रोलचा अंश वाढविला जातो. परिणामी जुलै महिन्यात भरलेले ई८५ आणि जानेवारीत भरलेले ई८५ ही तांत्रिकदृष्ट्या दोन वेगवेगळी इंधने असू शकतात. ज्या मोटारमालकाने उन्हाळ्यातील इंधनावर इंजिनाची कोष्टके बसवून घेतली, त्याच्या मोटारीला हिवाळ्यात ती कोष्टके तंतोतंत लागू पडत नाहीत. मोटार सिद्ध करण्याच्या तीनही पद्धतींचे गुणदोष या एका वास्तवाच्या प्रकाशात तपासावे लागतात.

मोटार सिद्ध करण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत : ठराविक मिश्रण

या पद्धतीत मालक पंपावरील ई८५ आणि साधे पेट्रोल ठराविक प्रमाणात टाकीत भरून ३० ते ४० टक्के इथेनॉलचे मिश्रण तयार करतो आणि इंजिनाची कोष्टके त्या मिश्रणासाठी बसविली जातात. ऑक्टेनमधील वाढ इथेनॉलच्या प्रमाणाशी सरळ रेषेत नसते. पहिल्या ३० टक्क्यांतच लाभाचा मोठा वाटा पदरात पडतो. इंधनाची गरजही फार वाढत नाही. म्हणून मूळ पंप व इंजेक्टर यांत पुरेशी राखीव क्षमता असल्यास ते न बदलताही काम भागू शकते.

सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या आधुनिक इंजिनांच्या मालकांत ही पद्धत विशेष रूढ आहे. अशा इंजिनांत इंजिनाच्या कॅमवर चालणारा उच्च दाबाचा पंप असतो आणि फवारणीसाठी मिळणारा अवधी अत्यल्प असतो. पूर्ण ई८५ साठी हा पंप बहुधा अपुरा पडतो. तो बदलणे किंवा हवेच्या नळीत फवारणारे पूरक इंजेक्टर बसविणे, हे दोन्ही मार्ग खर्चिक आहेत.

या पद्धतीतील दोष मोजमापाचा आहे. उदाहरणार्थ, ५० लिटरच्या टाकीत २० लिटर ई८५ आणि ३० लिटर ई१० भरले असे समजू. पंपावरील ई८५ मध्ये प्रत्यक्ष ७० टक्के इथेनॉल असेल तर मिश्रणात ३४ टक्के इथेनॉल येते. तेच ५१ टक्के असेल तर मिश्रण सुमारे २६ टक्क्यांचे होते आणि ८३ टक्के असेल तर सुमारे ३९ टक्क्यांचे. मालकाने कृती एकच केली, पण इंजिनाला तीन वेगळी इंधने मिळाली. टाकीत आधीचे इंधन शिल्लक असल्यास हिशेब आणखी बिघडतो. म्हणून या पद्धतीत इथेनॉलचे प्रमाण दाखविणारा संवेदक किंवा निदान चाचणी-नळी वापरणे अपरिहार्य ठरते. चाचणी-नळीत ठराविक पाणी व इंधन हलवून ठेवले असता इथेनॉल पाण्यात उतरते आणि पाण्याच्या थराच्या वाढलेल्या उंचीवरून प्रमाण कळते.

दुसरी पद्धत : केवळ ई८५

येथे इंजिन पूर्णतः इथेनॉलप्रधान इंधनासाठी सिद्ध केले जाते. मोठे इंजेक्टर, अधिक क्षमतेचा पंप, वाढीव दाब आणि प्रसंगी उंच संपीडन गुणोत्तराचे पिस्टन बसविले जातात. ब्राझीलमध्ये १९७५ च्या प्रोआल्कूल कार्यक्रमानंतर आलेल्या केवळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारींतही उंच संपीडन गुणोत्तराचा हाच मार्ग अवलंबिला गेला होता. फियाट १४७ ही १९७९ सालची मोटार त्यांतील आद्य होय.

या पद्धतीत इंधनाचे गुण पूर्णपणे वापरता येतात आणि रचना साधी राहते. शर्यतीच्या मोटारीसाठी ती सर्वोत्तम आहे, कारण तेथे इंधन पिंपातून येते, त्याचे प्रमाण निश्चित असते आणि मोटार परक्या गावी इंधनासाठी थांबत नाही. रस्त्यावरच्या मोटारीसाठी मात्र तिचा मोठा दोष असा की परतीचा मार्ग बंद होतो. ई८५ चा पंप न सापडल्यास आणि नाइलाजाने पेट्रोल भरल्यास इंजिनाला गरजेहून कितीतरी अधिक इंधन मिळते, मोटार गचके खाते, धूर ओकते. त्याहून गंभीर म्हणजे इथेनॉलसाठी लवकर ठेवलेली ठिणगी पेट्रोलवर तीव्र नॉकिंग घडविते. अमेरिकेत ई८५ चे पंप मका पिकविणाऱ्या मध्य-पश्चिमेकडील राज्यांत दाट आहेत, अन्यत्र विरळ. तेव्हा ही पद्धत निवडणाऱ्याने आपल्या नेहमीच्या प्रवासाचा नकाशा प्रथम पाहावा लागतो.

तिसरी पद्धत : फ्लेक्स-फ्युएल

या पद्धतीत इंधनाच्या नळीत एक संवेदक बसवितात. इथेनॉलचा विद्युत् अपारक स्थिरांक सुमारे २४ आणि पेट्रोलचा सुमारे २ असल्याने दोघांच्या मिश्रणातील प्रमाण विद्युतीय रीतीने ओळखता येते. सर्वत्र प्रचलित असलेला संवेदक हे प्रमाण कंप्रतेच्या रूपात कळवितो. ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के आणि १५० हर्ट्झ म्हणजे शंभर टक्के इथेनॉल. स्पंदाच्या रुंदीवरून इंधनाचे तापमानही समजते. नियंत्रक संगणकात पेट्रोल व इथेनॉल यांची स्वतंत्र कोष्टके ठेवलेली असतात आणि संवेदकाने कळविलेल्या प्रमाणानुसार संगणक त्या दोहोंमधील मूल्य निवडतो.

टाकीत कोणत्याही प्रमाणात कोणतेही मिश्रण चालते, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. तथापि तिच्यातही तीन गोष्टींची दक्षता घ्यावी लागते. पहिली अशी की इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ, टर्बोचा दाब आणि थंड इंजिन सुरू करताना द्यावयाचे जादा इंधन या चारही बाबी इथेनॉलच्या प्रमाणानुसार एकाच गतीने बदलत नाहीत. प्रत्येकीसाठी स्वतंत्र वक्र आखावा लागतो. दुसरी, संवेदकाचा अंतर्गत मार्ग अरुंद असतो. अतिशय मोठ्या प्रवाहाच्या रचनेत तो मुख्य नळीऐवजी परतीच्या किंवा समांतर नळीत बसविणे श्रेयस्कर. तिसरी, नवे इंधन भरल्यावर नळ्यांतील जुने इंधन संपेपर्यंत काही अंतर जावे लागते. त्या अवधीत पूर्ण जोर देऊ नये.

इंधनपुरवठ्याची आकडेमोड

कोणतीही पद्धत निवडली तरी इंधनपुरवठ्याची क्षमता हा पाया आहे. ती पुढील उदाहरणाने स्पष्ट होईल. चार सिलिंडरच्या, हवेच्या नळीत इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनापासून २२० किलोवॅट, म्हणजे सुमारे ३०० अश्वशक्ती अपेक्षित आहे असे मानू. अशा इंजिनासाठी पूर्ण जोरावर पेट्रोलचा खप दर किलोवॅट-तासाला ३६५ ग्रॅम आणि ई८५ चा ५१० ग्रॅम धरला आहे. ही नियोजनासाठी घेतलेली ढोबळ मूल्ये होत.

१. पेट्रोल : २२० × ०.३६५ = ८०.३ किलोग्रॅम प्रतितास. घनता ०.७४५ धरल्यास सुमारे १०८ लिटर प्रतितास.

२. ई८५ : २२० × ०.५१० = ११२.२ किलोग्रॅम प्रतितास. घनता ०.७८२ धरल्यास सुमारे १४३ लिटर प्रतितास. म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठी आकारमानाने सुमारे एक तृतीयांश इंधन अधिक.

३. इंजेक्टर : चार इंजेक्टरांत विभागणी करून आणि प्रत्येक इंजेक्टर जास्तीत जास्त ८५ टक्के वेळ उघडा राहील असे धरून, पेट्रोलसाठी प्रत्येकी मिनिटाला सुमारे ५३० घनसेंटिमीटर व ई८५ साठी सुमारे ७०० घनसेंटिमीटर क्षमता लागते.

४. परंतु इथेनॉल घेण्याचा हेतूच शक्ती वाढविणे हा असतो. उद्दिष्ट २६० किलोवॅटचे ठेवल्यास ई८५ ची गरज सुमारे १७० लिटर प्रतितास होते आणि प्रत्येक इंजेक्टर सुमारे ८३० घनसेंटिमीटरचा लागतो.

यांतील चौथी पायरी अनेकदा विसरली जाते. पेट्रोलवरील शक्तीच्या आधारे इंजेक्टर निवडले जातात आणि शक्ती वाढताच ते अपुरे ठरतात. पंपाच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. पंपावर छापलेली क्षमता एका विशिष्ट दाबाची असते. मूळ दाब ३ बार आणि टर्बोचा दाब १.२ बार असेल तर पंपाला ४.२ बार दाबाविरुद्ध इंधन द्यावे लागते आणि त्या दाबाला त्याचा प्रवाह छापील आकड्याहून कमी भरतो. उपरोक्त उदाहरणात वीस टक्के राखीव ठेवून ४.२ बारला सुमारे २०० लिटर प्रतितास देणारा पंप हवा. पंपापर्यंत पोहोचणारा विद्युतदाब कमी असल्यास हा हिशेबही कोसळतो, म्हणून तारांची जाडी तपासणे हा या कामाचाच एक भाग आहे.

इंधन अपुरे पडल्यास काय होते हेही लक्षात घेतले पाहिजे. पूर्ण जोरावर मिश्रण विरळ होते, ज्वलनाचे तापमान वाढते आणि काही क्षणांत पिस्टनचा माथा अथवा कड्यांमधील धातू निकामी होतो. मोटार शांतपणे चालविताना ही उणीव दिसत नाही, कारण तेव्हा लॅम्डा संवेदकाच्या साहाय्याने संगणक काही प्रमाणात दुरुस्ती करीत असतो. त्याची दुरुस्तीची मर्यादा ठराविक असते आणि अनेक मोटारींत पूर्ण जोरावर तो प्रामुख्याने कोष्टकावरच विसंबतो.

संवेदक निकामी झाल्यास

फ्लेक्स-फ्युएल पद्धतीची खरी कसोटी संवेदक बंद पडल्यावर लागते. तार तुटली आणि संगणकाने टाकीत पेट्रोल आहे असे गृहीत धरले, तर प्रत्यक्षातील ई८५ साठी इंधन फार कमी पडते. त्याने इथेनॉल गृहीत धरले आणि टाकीत पेट्रोल असले, तर ठिणगी फार लवकर पडते. दोन्ही गृहीतके आपापल्या परीने घातक आहेत. यावर उपाय असा की बिघाड आढळताच संगणकाने अखेरचे विश्वसनीय प्रमाण इंधनासाठी कायम ठेवावे, ठिणगीची वेळ पेट्रोलची घ्यावी, टर्बोचा दाब किमान पातळीवर आणावा आणि चालकाला दिव्याने सूचना द्यावी. मोटार सिद्ध करून घेताना ही व्यवस्था केली आहे किंवा नाही, हा प्रश्न अश्वशक्तीच्या आकड्याआधी विचारला गेला पाहिजे.

तपासणीच्या वेळी हवा व इंधन यांचे प्रमाण १४.७ या पेट्रोलच्या आकड्यात वाचण्याऐवजी लॅम्डा या एककात वाचणे उचित ठरते. लॅम्डा १ म्हणजे कोणत्याही इंधनासाठी नेमके प्रमाण. त्यामुळे इंधन बदलले तरी वाचनात गोंधळ होत नाही.

दैनंदिन वापरातील मर्यादा

थंड हवेत इथेनॉलची पुरेशी वाफ होत नसल्याने इंजिन सुरू करणे कठीण जाते. ब्राझीलमधील मोटारींत यासाठी पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी असे. २००९ साली तेथील फोक्सवॅगन पोलो ई-फ्लेक्स या मोटारीने इंधन तापविण्याची योजना आणून ती अनावश्यक ठरविली. हौशी मालकांना सहसा संगणकातील थंड इंजिनाच्या कोष्टकांवरच भागवावे लागते. ती नीट बसविली नाहीत तर न जळलेले इंधन सिलिंडरच्या भिंतींवरून तेलात उतरते. केवळ लहान अंतरे चालणाऱ्या मोटारीत हे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे इंजिन ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलावे लागते.

इथेनॉल आर्द्रता शोषते, वीजही पेट्रोलच्या तुलनेत अधिक वाहते. त्यामुळे ॲल्युमिनियम, जस्त, पितळ यांच्या उघड्या पृष्ठभागांचे क्षरण होऊ शकते. काही जुन्या प्रकारची रबरे फुगतात वा कडक होतात. नळ्या, सीले व पंप इथेनॉलयोग्य असल्याची खात्री करून घ्यावी लागते. मोटार महिनोन्महिने उभी राहणार असल्यास टाकीत ई८५ ठेवू नये. शिवाय तेवढ्याच टाकीवर कापले जाणारे अंतर घटते. अमेरिकी शासनाच्या माहितीनुसार फ्लेक्स-फ्युएल मोटारी ई८५ वर पेट्रोलच्या तुलनेत १५ ते २७ टक्के कमी अंतर देतात. इंधनातील इथेनॉलचे प्रमाण बदलते असल्याने या आकड्यातही एवढी तफावत आहे.

आणखी एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. ऑक्टेन अंक नॉकिंगचा प्रतिकार दर्शवितो, इंजिनाच्या भागांची ताकद नव्हे. ई८५ वर दाब वाढविता येतो म्हणून कनेक्टिंग रॉड, पिस्टन, क्लच व गिअरबॉक्स तो ताण सोसतीलच असे नाही. पेट्रोलवर नॉकिंगचा आवाज मर्यादेची जाणीव करून देत असे. इथेनॉलवर ती सूचना मिळण्यापूर्वीच एखादा भाग वाकू शकतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

ऊस उत्पादक महाराष्ट्र हे देशातील प्रमुख इथेनॉल उत्पादक राज्यांपैकी एक आहे आणि इथेनॉल निर्मितीचे तंत्रज्ञान पुरविणारी प्राज ही कंपनी पुण्याची आहे. भारतात २०२३ पासून ई२० पेट्रोलची विक्री सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्लेक्स-फ्युएल तंत्राची इनोव्हा हायक्रॉस ही नमुना-मोटार केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते सादर झाली. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील १८३ पंपांवर इथेनॉल १०० या इंधनाचा आरंभ करण्यात आला.

अशा परिस्थितीत येथील तरुण मोटारप्रेमींना परदेशी अनुभवाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. पेट्रोलसाठी बनविलेल्या मोटारीत इथेनॉल १०० भरणे हे वर वर्णन केलेल्या विरळ मिश्रणाच्या धोक्याला थेट निमंत्रण आहे. ई२० साठी योग्य असलेली मोटारही त्याला अपवाद नाही. तसेच मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. अमेरिकेतही प्रदूषण-नियंत्रक साधने निकामी करण्यास स्वच्छ हवा कायद्याची बंदी आहे. म्हणून अशा प्रयोगांचे योग्य स्थान म्हणजे शर्यतीचे बंदिस्त मैदान आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा होत.

निष्कर्ष :

१. इथेनॉलमुळे होणारी शक्तिवाढ ही त्यातील ऊर्जेमुळे नसून थंडावा व नॉकिंगचा प्रतिकार यांमुळे मिळणाऱ्या सवलतीची आहे. ती सवलत वापरू शकणाऱ्या टर्बो अथवा उंच संपीडन गुणोत्तराच्या इंजिनालाच तिचा लाभ होतो.

२. केवळ ई८५ ची पद्धत शर्यतीच्या मोटारीस योग्य आहे, कारण तेथे इंधनाची खात्री असते.

३. रोज रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीस फ्लेक्स-फ्युएल पद्धत सर्वाधिक सुरक्षित आहे. मात्र संवेदक बंद पडल्यावरची व्यवस्था तिच्यात असलीच पाहिजे.

४. ठराविक मिश्रणाची पद्धत थेट फवारणीच्या इंजिनांसाठी व्यवहार्य तडजोड आहे. प्रमाण प्रत्यक्ष मोजल्याशिवाय तिचा अवलंब करू नये.

५. इंजेक्टर व पंप यांची निवड पेट्रोलवरील शक्तीवरून न करता इथेनॉलवर अपेक्षित असलेल्या शक्तीवरून, प्रत्यक्ष दाबाला आणि राखीव क्षमता ठेवून करावी.

६. निवडीचा योग्य क्रम असा : प्रथम उपलब्ध इंधन, नंतर इंधनपुरवठा, त्यानंतर मोजमाप व बिघाडाची व्यवस्था आणि सर्वांत शेवटी अश्वशक्ती. हा क्रम उलटा केल्यास चाचणीच्या दिवशी मोठा आकडा दिसतो. त्याची किंमत पुढे इंजिनाच्या रूपाने मोजावी लागते.